दाटलेली छाती आणि हाताने चालवायचे दोन ब्रेस्ट पंप

गेल्या वैशाखात माझे पहिले बाळंतपण माहेरी झाले आणि चौथ्या दिवशी पहाटे माझी छाती दाटली. पुढच्या आठवड्याभरात आमच्या घरात दोन ब्रेस्ट पंप आले. पहिला तालुक्याच्या औषध दुकानातून आणलेला, रबरी फुग्याचा, १८० रुपयांचा. दुसरा ऑनलाइन मागवलेला, दांडी दाबून चालवायचा, ८४९ रुपयांचा. हे परीक्षण प्रामुख्याने दुसऱ्या पंपाचे आहे, परंतु पहिल्याबद्दलही सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आमच्याकडच्या खेड्यांत बाळंतिणीच्या हाती सहसा तोच पडतो. मुलगी आता सहा महिन्यांची होत आली आहे आणि अजून पूर्णपणे अंगावरच पिते, त्यामुळे या दोन वस्तूंनी काय केले आणि काय केले नाही, हे मी आता शांतपणे सांगू शकते.

आधी त्या पहाटेविषयी. ग्रामीण रुग्णालयातून तिसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडले, तेव्हा छाती मऊ होती आणि बाळ चिकावर समाधानी होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी वैशाखात रात्रीही भिंती तापलेल्या असतात, म्हणून आईने माझी बाज कूलरसमोर लावली होती. पहाटे चारच्या सुमारास जाग आली ती दुखण्याने. दोन्ही स्तन काखेपर्यंत दगडासारखे कडक झाले होते, कातडी ताणून चकचकत होती, निळ्या शिरा वर आल्या होत्या आणि बोंडी जवळजवळ सपाट झाली होती. बाळ तोंड उघडायचे, धरायचा प्रयत्न करायचे, त्याचे ओठ त्या कडक गोलावरून घसरायचे आणि ते रडायचे. भुकेले लेकरू मांडीवर, छातीत दूध तुंबलेले, आणि मध्ये जणू भिंत उभी. असा तो प्रकार होता.

पंपाकडून नेमकी काय अपेक्षा ठेवावी हे कळण्यासाठी या दाटण्याचे कारण ठाऊक असायला हवे. वार पडल्यानंतर आईच्या शरीरातले प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) झपाट्याने उतरते आणि दोन ते पाच दिवसांत दूध भराभर तयार होऊ लागते. त्याच वेळी स्तनांकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि पेशींच्या मधल्या जागेत पाणी साठून सूज येते. बाळंतपणात सलाईन बरेच लागले असेल तर ही सूज अधिक असू शकते, आणि मला कळांसाठी सलाईन लागलेच होते. म्हणजे जो कडकपणा आपल्याला सगळा दुधाचाच वाटतो, त्यातला बराचसा भाग सुजेचा असतो, आणि सूज कोणत्याही पंपाने ओढून बाहेर काढता येत नाही. ही एवढी गोष्ट मला त्या दिवशी कुणी सांगितली असती तर पहिला पंप आलाच नसता.

तो पंप भाऊ सकाळी दुकान उघडताच घेऊन आला. दुकानदाराने त्याला दुसरा काही प्रकार असतो हे सांगितले नाही, वापरायचे कसे हेही सांगितले नाही, आणि खोक्यात माहितीपत्रक नव्हते. काचेची एक तोटी, तिच्या पोटाला दूध साठण्यापुरता फुगवटा, आणि मागे लाल रबराचा फुगा, इतकेच ते साधन. फुगा दाबून तोटी स्तनावर टेकवायची आणि फुगा सोडायचा. सोडताच जी ओढ बसते ती आपल्या हातात राहत नाही. कमी करता येत नाही, सावकाश वाढवता येत नाही. माझ्या सुजलेल्या अंगावर ती ओढ इतकी जोरात बसली की बोंडीभोवतीचा काळा भाग तोटीत शिरून फुगला आणि पाच-सहा वेळा केल्यावर तळाशी जेमतेम चमचाभर दूध आले. तोटी काढली तेव्हा तिच्या कडेचा लालभडक गोल उमटला होता आणि काळा भाग आधीपेक्षा अधिक सुजला होता. आता विचार करता हे होणारच होते, कारण सुजेवर जोराची ओढ दिली की आजूबाजूचे पाणीही त्याच जागी खेचले जाते. दुसरा दोष त्याहून गंभीर आहे. तोटी जरा तिरपी झाली की दूध मागे फुग्यात जाते, आणि त्या फुग्याचे आतले अंग ना दिसते, ना घासता येते. अशा पंपाने काढलेले दूध बाळाला देऊ नये असे जाणकार सांगतात ते याचसाठी. १८० रुपयांत मिळतो म्हणून तो स्वस्त म्हणावा, असे मला मुळीच वाटत नाही.

दुपारपर्यंत घरात उपायांची गर्दी झाली. मावशीने शेगडी पेटवून शेक दिला, मालिश करणाऱ्या बाईंनी गाठी मोडायच्या म्हणून अंगठ्याने जोर लावला, आणि दूध कमी पडत असेल म्हणून बाळ रडते, असे समजून आईने मेथीचा लाडू पुढे केला. सगळ्यांच्या मनात माया होती याबद्दल मला शंका नाही. परंतु बराच वेळ दिलेला कडक शेक रक्ताचा ओघ आणखी वाढवतो, जोराचे रगडणे आधीच सुजलेल्या भागाला इजा करते, आणि दूध वाढवण्याचा उपाय करण्याची ती वेळ नव्हती. संध्याकाळपर्यंत अंगात कणकण आली. तेव्हा आईने गावातल्या आशा कार्यकर्तीला, म्हणजे आमच्या आशाताईंना, फोन केला.

आशाताईंनी केलेले काम या परीक्षणात सांगितल्याशिवाय पंपाचे खरे मोल सांगता येत नाही. त्यांनी हात धुतले, लाल फुग्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, "बाई, यंत्र कायले लावते आधी? बोटानं नरम कर, मंग पोरीले दे." मला पाठीवर आडवे होऊन उशीवर टेकायला सांगितले. मग दोन्ही हातांच्या बोटांची टोके बोंडीच्या अगदी मुळाशी, चारही बाजूंनी, फुलाच्या पाकळ्यांसारखी ठेवून छातीच्या दिशेने आत दाबायला लावली आणि साठ आकडे हळूहळू मोजायला सांगितले. दाब ठाम असावा पण दुखता कामा नये. साठ झाल्यावर बोटे थोडी सरकवून पुन्हा साठ. तिसऱ्या वेळी बोटे उचलली तेव्हा काळ्या भागात बोटांचे खळगे दिसत होते, तेवढाच भाग कणकेसारखा मऊ झाला होता आणि बोंडी वर आली होती. सुजेचे पाणी मागे सरकले होते. मग अंगठा वर, दोन बोटे खाली, बोंडीपासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवून आधी छातीकडे आणि मग एकमेकांकडे असे दाबल्यावर चार-सहा थेंब आले, पाठोपाठ बारीक धार लागली. आशाताईंनी बाळाची हनुवटी छातीला टेकवून त्याला जवळ घेतले आणि त्याने काळ्या भागासकट तोंडभर धरले. एक, दोन, तीन वेळा ओढले आणि मग घोट गिळल्याचा तो बारीक आवाज आला. आईने तो ऐकला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले.

ही घरभेटीची पद्धत विदर्भातूनच देशभर गेली, याचा मला या निमित्ताने मनापासून अभिमान वाटला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत, गावातल्याच स्त्रियांना शिकवून, नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झाल्यास या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी होतात. छाती दाटण्याचे दिवस साधारण तिसरा ते पाचवा. बाळंतीण रुग्णालयातून घरी येते आणि नेमके त्याच सुमारास हे दुखणे सुरू होते, म्हणून तिसऱ्या दिवसाच्या भेटीत बाळाचे वजन आणि नाळ पाहण्याबरोबरच हे बोटाने दाबणे प्रत्येक आईला करून दाखवले जावे, असे मला कळकळीने वाटते. दुखणे येण्याआधी ते माहीत असणे आणि आल्यावर फोन करणे यांच्यातल्या फरकात माझा एक पूर्ण दिवस गेला.

दुसरा पंप सहाव्या दिवशी तालुक्याला पार्सल म्हणून आला. तो माझ्या नवऱ्याने नागपूरहून ऑनलाइन मागवला होता. विजेवर चालणाऱ्या पंपाचाही विचार झाला होता, परंतु आमच्याकडे उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि दाटलेली छाती वीज यायची वाट पाहत नाही, म्हणून दांडीचाच घेतला. यात मऊ सिलिकॉनची वाटी असलेला पसरट कप, त्याच्या डोक्यावर सिलिकॉनचा पातळ पडदा, पडद्याला जोडलेली दांडी, खाली चोचीच्या आकाराची छोटी पांढरी झडप आणि तिच्याखाली दूध जमा होणारी बाटली असते. दांडी दाबली की पडदा वर उचलला जातो आणि ओढ बसते. जितकी दाबाल तितकीच ओढ, आणि सोडली की लगेच मोकळी. हाच याचा सर्वांत मोठा गुण आहे. सुरुवातीला दांडी अर्धीच आणि भराभर दाबायची, बाळ पान्हा फुटेपर्यंत जसे लहान लहान झटके देते तशी. दूध वाहू लागले की सावकाश आणि लांब. हे मला दोन दिवसांत जमले.

मात्र बोटांनी मऊ केल्याशिवाय हाही पंप कामाचा नाही. एकदा घाईत तसाच लावला तर दूध आले नाही, आणि काळा भाग पुन्हा फुगला. बोटांनी मऊ करून, कप नीट मध्यावर बसवून लावला तेव्हा पाच-सात मिनिटांत वीस-पंचवीस मिलिलिटर दूध आले आणि बाळाला धरता येईल इतका मऊपणा आला. दाटलेल्या छातीसाठी पंपाचे काम एवढेच. बाळ रात्री सलग चार-पाच तास झोपले, किंवा उजव्या बाजूला पिऊन डावीकडे न पिताच झोपी गेले, की त्या बाजूचा ताण उतरण्यापुरते दूध काढायला हा पंप मला फार उपयोगी पडला. काखेकडच्या ज्या गाठीपर्यंत बाळ पोहोचत नव्हते, ती मोकळी व्हायलाही त्याची मदत झाली. तेव्हा मी दुसऱ्या हाताने गाठीवरून काखेकडे, मांजराला कुरवाळावे इतक्या हलक्या हाताने, बोटे फिरवत असे.

आठव्या दिवशी माझ्याकडून मोठी चूक झाली. आराम पडतो आहे असे पाहून मी दोन्ही बाजू पूर्ण रिकाम्या होईपर्यंत पंप चालवला आणि बाटलीत नव्वद मिलिलिटर दूध जमले, याचा मला आनंदही झाला. दुसऱ्या दिवशी छाती आधीपेक्षा जास्त भरून आली. दूध जितके काढले जाते तितके शरीर पुढच्या वेळी तयार करते, आणि आत राहिलेले दूध पुढचे दूध आवरते घेण्याचा इशारा देत असते. पंपाने सगळे काढून टाकले की तो इशाराच जातो. तेव्हापासून ताण उतरला की थांबायचे, हा नियम मी पाळला. पंपाच्या माहितीपत्रकात मात्र दर वेळी वीस मिनिटे चालवावा असे सरसकट लिहिले होते. दाटलेल्या छातीसाठी वेगळी सूचना नव्हती. ही उणीव मला गंभीर वाटते.

कपाचे माप हाही विचार करण्याचा मुद्दा आहे. खोक्यात चोवीस मिलिमीटरचा एकच कप होता. मला तो बसला, पण बोंडी तोटीच्या कडांना घासत असेल किंवा काळा भाग फार आत खेचला जात असेल तर माप चुकले आहे असे समजावे. खेड्यात बसून माप बदलून घेणे सोपे नाही.

धुण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण आमच्या भागात हीच खरी अडचण आहे. प्रत्येक वेळी पाचही भाग सुटे करून आधी साध्या पाण्याने, मग साबणाच्या पाण्याने धुवायचे आणि दिवसातून एकदा उकळायचे. बोअरच्या पाण्यात उकळल्यावर तिसऱ्याच दिवशी पारदर्शक पडद्यावर पांढरट थर आला, जसा आमच्या चहाच्या पातेल्याच्या तळाशी येतो. क्षारांमुळे पडद्याची कड खरखरीत झाली, तिथून हवा शिरू लागली आणि ओढ कमी झाली. त्यानंतर उकळायला आरओचे पाणी वापरले. पांढऱ्या झडपेच्या चिरेत दुधाची साय अडकते. ती नखाने काढायला गेल्यास चीर रुंदावते आणि पंप निकामी होतो, म्हणून बोटांच्या चिमटीत वाहत्या पाण्याखाली हलकेच चोळावी. ती झडप इतकी लहान आहे की एकदा उकळलेल्या पाण्याबरोबर ओतली गेली आणि आईने अंगणातल्या मोरीतून ती शोधून आणली.

काढलेले दूध वाया घालवले नाही, पण साठवूनही ठेवले नाही. पंचवीस अंशांच्या आत असलेल्या खोलीत आईचे दूध साधारण चार तास चांगले राहते. आमची खोली त्या दिवसांत कूलर लावूनही तितकी गार नसे आणि फ्रीज विजेच्या भरवशावर. म्हणून काढले की लगेच बोंडल्याने पाजायचे, असे ठरवले. पंपाच्या खोक्यात बाटलीला लावायचे रबरी निपल होते. दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने मनाई आहे, असे असताना पंपाबरोबर ते घरात यावे हे मला पटले नाही. मी ते वापरले नाही, कारण इतक्या लहान बाळाला बाटलीची सवय लागली तर अंगावर धरणे आणखी अवघड होते, आणि बाळाने नीट धरून पिणे हाच तर दाटण्यावरचा खरा उपाय आहे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, रात्रीसुद्धा, मी तिला पाजले. दाटलेपणा सातव्या दिवसानंतर उतरू लागला त्याचे श्रेय मी आधी तिला देते.

पंपाच्या जोडीने आणखी दोन गोष्टी केल्या. पाजण्याआधी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्यात भिजवलेला पंचा छातीवर, आणि पाजून झाल्यावर माठातल्या पाण्यात पिळलेले फडके दहा-पंधरा मिनिटे. गार फडक्याला मावशीचा सक्त विरोध होता. बाळंतिणीला गार लागले की वात धरतो, असे तिचे म्हणणे. शेवटी कान, डोके आणि पाय झाकून फक्त छातीवर ठेवायचे, यावर ती तयार झाली. दुसरी गोष्ट पत्ताकोबीची. आठवडी बाजारातून आणलेल्या गड्ड्याची पाने धुऊन, जाड शीर लाटण्याने चेपून, बोंडी मोकळी ठेवून ब्लाउजच्या आत घातली आणि कोमेजली की काढली. त्यांच्या गारव्याने मला बरे वाटले. त्यामागचा शास्त्रीय पुरावा भक्कम नाही, पण अपायही झाला नाही. दुखण्यासाठी रुग्णालयातल्या सिस्टरनी पॅरासिटामॉल घ्यायला सांगितले होते. पंप मिळालाच नाही तर रुंद तोंडाची काचेची बाटली गरम पाण्याने तापवून, पाणी ओतून, तोंड गार करून स्तनावर टेकवायची, म्हणजे आतली हवा थंड होताना दूध ओढले जाते, अशी जुनी रीतही त्यांनी समजावली. मला तिची गरज पडली नाही.

कणकण चोवीस तासांत उतरली नाही, ताप १०१ अंशांच्या वर गेला, स्तनाचा एखादा भाग लाल आणि गरम झाला, किंवा थंडी वाजून अंग मोडून आले, तर पंप बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि पाजणे मात्र थांबवू नये. माझी कणकण दुसऱ्या दिवशी ओसरली.

८४९ रुपयांचा पंप प्रत्येक घरात हवाच, असे मी म्हणणार नाही. बाळ नीट धरत असेल आणि बोटांची रीत आईला येत असेल, तर बहुतेक बायांचे त्याच्याविना निभेल. आशाताईंनी शिकवायला एक पैसाही घेतला नाही. ज्यांचे बाळ कमी दिवसांचे किंवा अशक्त आहे, काचपेटीत ठेवलेले आहे, किंवा ज्यांना बाळाला सोडून शाळेत, शेतावर, कामावर परत जायचे आहे, त्यांनी दांडीचा पंप जरूर घ्यावा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि रजा संपल्यावर मधल्या सुट्टीत छाती भरून येईल तेव्हा हाच पंप माझ्या पिशवीत असेल. घेताना झडप आणि पडदा सुटे मिळतात का, हे आधी विचारावे. माझी झडप चौथ्या महिन्यात फाटली, विक्रेत्याने सुटी देता येत नाही असे कळवले, आणि अखेर भावाने नागपूरच्या एका घाऊक दुकानातून चाळीस रुपयांना दोन झडपा आणल्या. त्यांतली एक अजून डब्यात शिल्लक आहे.